एकेचाळीस कलमांची गाडी

कारखान्यात त्यांना सगळे नापासराव म्हणायचे, आणि ते नाव आपल्याला शोभून दिसतं असं त्यांचं स्वतःचंही मत होतं. एकतीस वर्षं त्या माणसानं बोल्ट तपासले. दुसरं काही केलं नाही. पेटीतून दहा बोल्ट काढायचे, मापायचे, त्यातला एक जरी केसभर कमी-जास्त निघाला तर लाल पेन्सिलीनं पेटीवर फुली मारायची आणि अख्खी पेटी आल्या वाटेनं परत. माल पुरवणारे त्यांच्या टेबलासमोर असे उभे राहायचे, जशी शाळेतली पोरं मास्तरासमोर हात पुढे करून उभी राहतात. कुणीतरी एकदा म्हणालं होतं, की या बाबाला स्वर्गात नेलं तरी दाराची बिजागरी ढिली आहे म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरेल. नापासरावांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, की कोणत्या बाजूची बिजागरी.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. कारखान्यानं निदान पगार देऊन ती सहन केली होती. घरच्यांनी फुकट सहन केली. चहाचा कप हातात आला की आधी कड तपासायची, मग चहा. सासऱ्यांनी हौसेनं करून दिलेल्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला होता, त्याबद्दल त्यांनी सासऱ्यांना अजून माफ केलेलं नव्हतं. सासरे जाऊन अठरा वर्षं झाली होती. बायको म्हणायची, तो पाय आखूड नाही, तुमची फरशी उंच आहे. त्यावर त्यांनी पाणसळ आणून फरशी मोजली होती. फरशी उंचच होती. ते मात्र त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

जगाबद्दल त्यांचं मत थोडक्यात असं होतं: जी माणसं डोक्यानं कामं करतात ती लबाड, जी हातानं करतात ती आळशी, आणि जी दोन्हींनी करतात, म्हणजे मिस्त्री लोक, ती लबाडही आणि आळशीही. यातून एक जण सुटलेला होता. कोण, ते सांगायला नको.

तर अशा माणसाच्या पोरीला नोकरी लागली. दोन वर्षं वाट बघून, तीन ठिकाणी तोंडी परीक्षा देऊन लागली. टेकडीपलीकडे शहराला पाणी पुरवणारं शुद्धीकरण केंद्र होतं, तिथं पाणी तपासायचं काम. पहाटे सहाला पहिला नमुना घ्यायचा, म्हणजे घ्यायचाच. शहर उठून नळ सोडायच्या आत आकडा वर कळवला पाहिजे. पहिले तीन महिने परीक्षेचे. त्यात तीनदा उशीर झाला तर यादीतलं पुढचं नाव आत आणि हिचं बाहेर, असं पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. आणि टेकडीपलीकडे जाणारी पहिली बस साडेसातला सुटायची.

म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. नवी परवडणारी नव्हती, तेव्हा वापरलेली. पोरीनं दोन वर्षं शिकवण्या करून जे साठवलं होतं ते त्यात जाणार होतं. पोरगी म्हणाली, बाबा, पुलाखालच्या गॅरेजवाल्या बाईंना बरोबर नेऊ, त्या बघतील. नापासरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“मग एकतीस वर्षं मी काय गवत उपटलं?”

 त्या घरात गप्प बसण्याची कला दोघी मायलेकींना उत्तम साधलेली होती.

पुलाखालची ती बाई पन्नाशीची, जाडजूड, नवऱ्यामागं पंचवीस वर्षं एकटीनं गॅरेज चालवणारी. बोलायची कमी. पण पोरीनं सहज विषय काढला तेव्हा तिनं निरोप मात्र दिला: भाऊंना सांग, सकाळी लवकर जा आणि न कळवता जा. बॉनेट उघडायचं आणि इंजिनाला हात लावायचा. गार लागलं तरच सुरू करायला सांगायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी जायचं. रात्रभर उभ्या इंजिनाला पहिले दोन-चार सेकंद तेल पोचलेलं नसतं, तेवढाच वेळ ते खरं बोलतं.

नापासराव हे ऐकून पोट धरून हसले. हात लावायचा म्हणे. म्हणजे आजीबाई पोराच्या कपाळाला लावून ताप बघते तसा. मापाचं नाव नाही, यंत्राचं नाव नाही, नुसता हात. अशा लोकांच्या जिवावर जग चालतं म्हणून ते असं चालतं, हे त्यांनी जेवताना तीनदा सांगितलं. मग चार संध्याकाळी बसून, पट्टीनं रेघा मारून त्यांनी तपासणीचं पत्रक तयार केलं. कलमं एकेचाळीस.

गाड्या विकणारा तो इसम चौकाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. तोंड इतकं गोड, की नापासरावांनी पहिल्या फोनलाच त्याचं नाव मधाचं बोट ठेवून टाकलं. ठेवलं खरं, पण चाटायचं ते चाटलंच. रीतसर फोन करून, वेळ ठरवून, दुपारी चारला ते दाखल झाले. तपासनीस कधी चोरासारखा जात नाही. तो आगाऊ सूचना देतो. मधाच्या बोटानं या सूचनेबद्दल त्यांचे आभार मानले, आणि ते मात्र त्यानं अगदी मनापासून मानले असावेत.

अडीच तास तपासणी चालली. नापासरावांनी दारांच्या फटी मापाच्या पातळ पात्यांनी मोजल्या. चाकांचे नट एकेक करून मापले. खिशातल्या आरशानं गाडीच्या पोटाखाली बघितलं, बॅटरी मारून डिकीचे कोपरे बघितले, काच खाली-वर करायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघितलं. मधाचं बोट खुर्ची आणायचं, चहा आणायचं, आणि मान हलवत म्हणायचं, काका, असा तपासणारा माणूस माझ्या दारात पहिल्यांदाच आला. हे तेवढं त्याचं खरं होतं. इंजिन किल्ली फिरवताच सुरू झालं, मांजरासारखं गुरगुरलं. ते आधीच कोमट होतं. गाडी धुवायला नेली होती, आत्ताच आणली, असं मधाचं बोट म्हणालं. नापासरावांनी तेलाची काडी ओढून बघितली. तेल पिवळंधमक, स्वच्छ, दाट. सव्विसाव्या कलमापुढं त्यांनी लिहिलं: ‘तेल नवे, दाट, पातळी पूर्ण. उत्तम.’

नापास निघाल्या त्या तीन गोष्टी. रक्षापात्र सैल, मागचा वायपर आखूड, जादा चाकाचा एक नट गंजलेला. यावरून त्यांनी मधाच्या बोटाला असं काही फैलावर घेतलं, की शेजारचा टायरवाला ऐकायला आला. तिन्ही गोष्टी तिथल्या तिथे बदलून घेतल्या. मग खाली ‘संपूर्ण तपासणी केली. वाहन सर्व दृष्टींनी समाधानकारक. पास.’ असं लिहून, पूर्ण नाव, हुद्दा, अनुभव वर्षे एकतीस, अशी झोकदार सही ठोकली. आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे कार्बनखालची दुसरी प्रत माल पुरवणाऱ्याला दिली.

ती कुणी मागितली नव्हती. जगात आजवर कुठल्याही गिऱ्हाइकानं दुकानदाराला ‘तुझा माल निर्दोष आहे’ असं सहीनिशी लिहून दिलेलं नसेल. हे नापासरावांनी दिलं, तेही स्वच्छ अक्षरात. मधाच्या बोटानं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून छातीवरच्या खिशात ठेवला, वर हात ठेवला आणि म्हणालं, काका, हा मी जपून ठेवतो.

पहिले आठ दिवस गाडी बरी चालली. पोरगी पावणेपाचला उठायची, पाच-दहाला निघायची. नवव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, बाबा, चालू गाडी उभी असली की तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. नापासराव लगबगीनं खाली गेले, काडी ओढली. तेल काठोकाठ. परत ओढली. काठोकाठ. तेल पुरेपूर असताना तेलाचा दिवा लागतो, याचा अर्थ दिवा खोटा. यात दुसरा विचार करण्यासारखं काही नव्हतं. असे स्वस्तातले दिवे बसवणाऱ्यांबद्दल ते पंधरा मिनिटं बोलले. मग घरातून काळी चिकटपट्टी आणली, कात्रीनं नखाएवढा चौकोन कापला आणि दिव्यावर बेमालूम चिकटवला. पोरगी दाराशी उभी राहून बघत होती. 

सतराव्या दिवशी, बुधवारी, टेकडीच्या तिसऱ्या वळणावर इंजिनातून कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा आवाज आला. चार ठोके, मग एक मोठा. गाडी थांबली, खालून तेल रस्त्यावर सांडलं, आणि पोरगी अंधुक उजेडात त्या तेलाकडे बघत उभी राहिली. मागून बेकरीची गाडी आली. पाववाला गल्लीतलाच. नापासराव त्याला दररोज हॉर्नवरून बोलायचे. त्यानं काही न विचारता तिला शेजारी बसवलं. केंद्रावर पोचेपर्यंत चाळीस मिनिटं उशीर झाला. वहीत तिच्या नावापुढं पहिली खूण पडली. उतरवताना पाववाल्यानं तिला सांगितलं होतं, रविवारपर्यंत माझी फेरी याच बाजूला आहे, सोडत जाईन. सोमवारपासून मालकानं रस्ता बदललाय, मग माझा इलाज नाही.

म्हणजे सोमवार. सोमवारी गाडी नाही, तर दुसरी खूण, मंगळवारी तिसरी. हिशेब बोटांवर होता, त्याला पत्रक लागत नव्हतं.

गाडी दोरानं ओढून आणायची म्हटल्यावर जवळचं गॅरेज एकच होतं. नापासराव पुलाखाली गेले ते असे, जसा तालेवार माणूस सावकाराच्या दारात जातो: मान ताठ आणि पाय जड. बाईनं एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, उलट बोलता आलं असतं. तिनं इंजिनाच्या बाजूवर कंदिलासारखा दिवा धरला आणि त्यांना वाकायला सांगितलं. इंजिनाच्या अंगाला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तुटलेला दांडा हाड बाहेर यावं तसा बाहेर आला होता.

बेअरिंग आधीपासूनच खाल्लेलं होतं, असं तिनं सांगितलं. आवाज लपावा म्हणून आत सगळ्यात जाड तेल ओतलं होतं. तेल दाट असलं की ठोके दबतात, आणि इंजिन गरम करून दाखवलं की उरलेलेही दबतात. तेल भरपूर होतं, पण झिजलेल्या जागेतून सगळं वाहून जायचं, दाबच चढायचा नाही. दिवा पातळीचा नसतो भाऊ, ती म्हणाली, दिवा दाबाचा असतो.

नापासरावांनी बेअरिंगचा तुकडा हातात घेतला, खिशातलं मापयंत्र काढलं आणि मापला. पुन्हा मापला. आयुष्यभर केसभर फरकासाठी त्यांनी पेट्या परत पाठवल्या होत्या; इथं नखभर जागा खाल्ली गेली होती. माप बरोबर होतं. फक्त ते सतरा दिवस उशिरा घेतलं होतं.

तेवढ्यात बाईनं स्टीअरिंगमागं हात घालून नखानं काहीतरी खरवडलं आणि तळहातावर धरलं. काळा, नखाएवढा चौकोन.

“हे कुणी लावलं?”

नापासरावांनी पुलाच्या खांबाकडे बघितलं. पोरगी तिथंच उभी होती. कामावरून थेट आलेली, दमलेली. ती म्हणाली, आधीपासूनच असेल. नापासराव आयुष्यात बरंच काही झाले होते, पण ज्यांची चूक पोरीनं झाकली, असे ते पहिल्यांदाच झाले. त्यांना तिचा राग आला. मग कशाचा राग आला ते कळेना, म्हणून ते बाईवर डाफरले, की तुमच्या इथं बसायला एक धड स्टूल नाही.

दुसऱ्या दिवशी ते मधाच्या बोटाकडे गेले. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यात ‘फसवणूक’ हा शब्द सात वेळा होता. शेडमध्ये शिरले आणि त्यांनी वर बघितलं. मधाच्या बोटाच्या डोक्यावर, काचेच्या चौकटीत, सोनेरी पट्टी लावून, त्यांचं पत्रक टांगलेलं होतं. एकेचाळीस कलमं, पट्टीनं मारलेल्या रेघा, खाली ती झोकदार सही.

मधाच्या बोटानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्चीतून न उठताच अंगठ्यानं वरची चौकट दाखवली. काका, मी अडाणी माणूस. मला काय कळतं इंजिनातलं? तुम्ही अडीच तास तपासलंत, तुम्हीच लिहून दिलंत. सव्विसावं कलम वाचू का? आणि ते वाचायला लागलं: तेल नवे, दाट, पातळी पूर्ण, उत्तम. वाचून झाल्यावर आणखी गोडीत म्हणालं, खोटं नाही सांगत, तुमच्या या कागदावर माझ्या दोन गाड्या गेल्या. गिऱ्हाईक बसलं की मी काही बोलतच नाही, नुसतं वर बघायला सांगतो.

नापासरावांनी कागद परत मागितला. मिळाला नाही. कोर्टाचं नाव काढलं. मधाचं बोट म्हणालं, जा की, हाच कागद घेऊन जाऊ दोघं. मागच्या अंगणात मागून ठोकर बसलेली एक गाडी उभी होती, त्याच जातीची, इंजिन शाबूत. ते इंजिन माझ्या गाडीत बसवून दे, असं नापासराव म्हणाले. त्यावर मधाचं बोट इतकं हसलं, की मध संपून नुसतं बोट उरलं.

संध्याकाळी नापासराव पुन्हा पुलाखाली गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.  बाईनं या वेळी स्टूल पुढं केलं. कुठून तरी आणून ठेवलं होतं. त्यांनी मधाच्या बोटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाई एका डब्यात हात बुडवून बोटांची तेलकट काजळी काढत होती. मध्येच तिनं विचारलं, भाऊ, तुमच्या कारखान्यात पास झालेला माल पुढं जाऊन खराब निघाला तर काय करायचे?

नापासरावांना विषय आवडीचा. ते खुलले. नियम होता, त्यांनी सांगितलं, आणि कडक नियम होता. पास केलेला माल दुसऱ्या कुणाला नापास करता यायचा नाही, साहेबालासुद्धा नाही. ज्याची सही, त्यानंच जायचं. माल जिथं असेल तिथं जायचं, ज्याच्याकडे असेल त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि आपल्या सहीवर आपल्या हातानं लाल फुली मारायची.

“मग तुम्ही कितीदा गेलात?”

“वेळच आली नाही कधी.”

बाईनं हात डब्यातून काढले, चिंधीला पुसले. त्यांच्याकडे बघितलं नाही. “असं,” एवढंच म्हणाली, आणि दुसरी गाडी उघडायला गेली.

 एकतीस वर्षांत आपला एकही माल परत आला नाही, हे नापासरावांनी निवृत्तीच्या समारंभात सांगितलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. परत आला नव्हता, की परत आलेला त्यांनी बघितला नव्हता? तीन-चार चेहरे आठवले. कुणी नमुना घेऊन आलं होतं, कुणी चिठ्ठी, आणि त्यांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, तुमचा दिवा खोटा आहे. शब्द वेगळे असतील. अर्थ तोच.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कपाटातून लाल पेन्सिल काढली. टोक केलं. बायकोनं विचारलं, कुठं निघालात. ते म्हणाले, माल बघायला. बायको म्हणाली, छत्री घ्या, ऊन आहे. त्यांनी घेतली.

शेडमध्ये एक नवराबायको बसले होते. नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या दोन वेगळ्या रंगांच्या, आणि बायको मान वर करून पत्रकातली कलमं ओठ हलवत वाचत होती. असल्या लोकांना फसवायला मधाचं बोटही लागत नाही, साधं पाणी पुरतं, असं नापासरावांच्या मनात आलं. ते सरळ आत गेले. मधाचं बोट उठायच्या आत खुर्ची ओढली, तिच्यावर चढले, एका हातानं चौकट धरली आणि दुसऱ्या हातानं काचेवर, बरोबर सहीच्या जागी, लाल पेन्सिलीनं फुली मारली. काचेवर पेन्सिल नीट उमटेना. त्यांनी थुंकी लावून परत मारली.

“ती सही माझी आहे,” ते खुर्चीवरूनच त्या नवराबायकोला म्हणाले. “ती गाडी सतरा दिवसांत फुटली. इंजिन गरम होतं, मी हात लावून बघितला नाही. तेल जाड होतं, मी उत्तम लिहिलं. दिवा लागला, मी त्यावर पट्टी चिकटवली. याला इंजिनातलं कळत नाही असं हा म्हणतो. मलाही कळत नाही. हा कागद नापास.”

सगळं इतक्या सपाट आवाजात म्हटलं, जसं बोल्टाचं माप वाचावं. फक्त खुर्चीचा एक पाय आखूड असल्यामुळे प्रत्येक वाक्याला ती डुगडुगत होती.

मधाच्या बोटानं आधी हसून बघितलं. काकांची तब्येत बरी नाही म्हणून सांगून बघितलं. मग पट्टीचं वाक्य पकडलं: ऐका, ऐका, पट्टी यांनीच लावली, मग चूक कुणाची? नापासराव म्हणाले, माझी. पट्टी माझी, इंजिन तुझं. बायकोनं नवऱ्याच्या कोपराला हात लावला. दोघं उठले. वेगवेगळ्या नाड्यांचे ते बूट शेडबाहेर पडले. नापासराव खाली उतरले, त्याच खुर्चीवर बसले आणि छत्री मांडीवर आडवी ठेवली. सांगितलं, की आपण निवृत्त आहोत, रोज दहा ते पाच इथं बसायला मोकळे आहोत, आणि पेन्सिलींचा अख्खा डबा घरी आहे.

पुढचा तास मधाचं बोट काय काय बोललं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात आधीच्या गोडीचा टिपूस नव्हता. पोलिसांना बोलावतो म्हणालं, बोलावले नाहीत. दरम्यान आणखी एक गिऱ्हाईक आलं. त्यालाही नापासरावांनी तेच सगळं, त्याच क्रमानं, पट्टीसकट सांगितलं.  तिसरं गिऱ्हाईक फाटकातून येताना दिसलं, तेव्हा मधाच्या बोटानं मागच्या अंगणाकडे हात केला आणि दात आवळून म्हणालं, घेऊन जा ते इंजिन, आत्ता घेऊन जा, आणि तोंड दाखवू नका.

“आत्ता नाही,” नापासराव म्हणाले. “उद्या सकाळी. गार असताना.”

शनिवारी उजाडताना ते आणि गॅरेजवाली बाई त्या अंगणात उभे होते. बॉनेट गंजून बसलेलं, ते तिनं पहारीनं उचकटलं. मग ती बाजूला झाली आणि त्यांच्याकडे बघू लागली. नापासरावांनी खिशाकडे नेलेला हात परत आणला. बाही वर केली आणि तळहात इंजिनावर ठेवला. लोखंड गार होतं, थोडं दहिवर धरलेलं. बाईनं किल्ली फिरवली. एक, दोन, तीन, चार सेकंद. ती कान देऊन ऐकत होती. त्यांनाही कान होते, पण आपण नेमकं काय ऐकायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, बरं आहे. त्यांनी विचारलं, बरं म्हणजे किती? ती म्हणाली, बरं म्हणजे बरं. असल्या उत्तरावर एकतीस वर्षं कारखाना चालला असता तर काय झालं असतं, हे सांगायची त्यांना अनावर इच्छा झाली. त्यांनी पहार उचलून गाडीत ठेवली.

रविवारी दिवसभर पुलाखाली इंजिन बदलणं चाललं. नापासराव स्टुलावर बसून नट देत होते, आणि देताना प्रत्येक नट बोटांत फिरवून बघत होते. दोन त्यांनी परत केले. बाईनं बघितलं, ते खरंच झिजलेले होते. तिनं दुसरे घेतले. त्या दोघांत त्या दिवशी झालेलं संभाषण जवळजवळ एवढंच.

सोमवारी पाचला पोरगी किल्ली घेऊन खाली आली. नापासराव आधीच गाडीशी उभे होते, हात बॉनेटखाली. तिनं गाडी सुरू केली. स्टीअरिंगमागचा लाल दिवा लागला, क्षणभर राहिला आणि विझला. पट्टीचा चिकटपणा अजून काचेवर होता, त्यात धूळ बसून एक चौकोन उमटला होता. तिनं काच खाली केली.

“दिवा लागला तर?”

“थांबायचं.”

“आणि तेल भरलेलं असलं तर?”

नापासरावांनी तोंड वाकडं केलं, जसं कुणी कडू औषध चमच्याऐवजी वाटीनं दिलं असावं.

“तरी थांबायचं. मला फोन करू नकोस. त्या बाईला कर.”

पोरगी गेली. वळणावर मागचे दिवे दिसले, मग दिसेनासे झाले. ते तिथंच उभे राहिले. सहा वाजून चार मिनिटांनी बायकोचा फोन वाजला आणि ती खिडकीतून नुसती मान हलवून आत गेली: पोरगी वेळेवर पोचली होती.

तेवढ्यात बेकरीची गाडी नव्या रस्त्याला लागण्याआधी गल्लीतून गेली. पाववाल्यानं थांबून विचारलं, काका, गाडी झाली का? नापासराव त्याच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागचा उजवा दिवा बंद आहे, त्यांनी सांगितलं, आणि हॉर्न तर पहिल्यापासूनच नापास. पाववाला हसला आणि त्यांच्या हातात एक गरम पाव ठेवून निघून गेला. पाव एका बाजूनं करपलेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, आणि उभ्या उभ्याच खाऊन टाकला.